पान क्रमांक ११२

२ जून, सकाळी ६.१०
प्रबंध संपवायचाच. विषय जबरदस्त आहे: फ्रेंचांच्या जुन्या वसाहतींतल्या लेखिका आणि त्यांच्या कादंबऱ्यांमधली बाईची जागा. नऊ वर्षं झाली. युनिव्हर्सिटीने आता ३१ ऑगस्ट ही शेवटची तारीख दिलीय, नाहीतर नाव काढून टाकणार. रोज पाच पानं. सोमवारपासून.

५ जून
हॉलमध्ये लक्ष लागत नाही. बायकोची खोली घेतली. म्हणजे तिनेच दिली. ती शाळेत फ्रेंच शिकवते. तिला पेपरच तपासायचे, ते कुठेही होतात. असं म्हटल्यावर तिने पेपर उचलले. पटलं असणार.

९ जून
या खोलीत फार ऊन येतं. तिला जाड पडदे आणायला सांगितले.
लिखाण: शीर्षक.

१८ जून
कादंबऱ्या बायको वाचतेय. माझं फ्रेंच उत्तम आहे, फक्त वाचायला वेळ लागतो. ती चांगले उतारे वहीत उतरवते, खाली मराठी अर्थ, बाजूला पान नंबर. मी त्यावर चिंतन करतो. कामाची छान वाटणी झालीय.

१ जुलै
डायनिंग टेबलही लागलं. संदर्भ पसरावे लागतात. बायको आता ओट्याशी उभ्याने पेपर तपासते. उभं राहणं पाठीला चांगलं असतं, हे तिला सांगितलं. तिने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

१६ जुलै
वहीत घबाड! ‘नवऱ्याचं सामान रोज एक पाऊल पुढे येतं, मी एक पाऊल मागे सरते. आता मागे भिंत आहे. तू कुठे राहतेस, असं कुणी विचारलं तर काय सांगू? ओट्याशी.’
काय लिहितात या बायका! त्या नवऱ्याचा इतका राग आला की चहा गार झाला. अख्खं तिसरं प्रकरण या उताऱ्यावर उभं केलं. पान नंबर घालायला बायको विसरलीय. नायिका तिसऱ्या कादंबरीतली वाटते. पान ११२ टाकलं. साधारण तिथेच असेल.

६ ऑगस्ट
गाईड मॅडमचा फोन. पाठवलेलं प्रकरण ढिसाळ, पण उतारा अप्रतिम, म्हणाल्या. मात्र ११२ वर सापडत नाही. म्हटलं, माझी आवृत्ती वेगळी. कोणती, असं त्यांनी विचारलं. आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला.

७ ऑगस्ट, संध्याकाळी
बायकोला विचारलं, हा उतारा कुठल्या कादंबरीतला? ती वर न बघता म्हणाली, कादंबरीतला नाही, माझा आहे.
मी हसलो. ती हसली नाही. मी म्हटलं, मग तसं वर लिहायचं ना, मला कसं कळणार? तोंडातून गेलं आणि लाज वाटली. तिने पेनाला टोपण लावलं आणि पेपरांचा गठ्ठा बांधला.

९ ऑगस्ट
बायको बहिणीकडे गेली. चार दिवस असेल. बॅग मोठी होती, पण तिला सवयच आहे जास्त कपडे न्यायची. घर शांत. आता रोज दहा पानं.

१५ ऑगस्ट
शून्य. शांततेचा त्रास होतो.

२० ऑगस्ट
मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, उतारा काढा आणि उरेल ते पाठवा. काढला. पहिली दोन प्रकरणं लिहिलीच नव्हती, त्यामुळे सगळं मिळून दीड पान उरलं. त्यातलं अर्धं आभारप्रदर्शन, आणि त्यात बायकोचं नाव नाही. हे मी कधी लिहिलं?

२८ ऑगस्ट, दुपारी
तीन दिवस राहिलेत. प्रबंध आता व्हायचा नाही, हे मला कळतंय. बायकोला फोन केला. प्रबंधासाठी नाही. मला भीती वाटतेय.
विचारलं, तिथे नीट सोय आहे ना? म्हणाली, बहिणीने खिडकीशी टेबल लावून दिलंय, रोज लिहिते. काय लिहितेस, हे विचारायचा धीर झाला नाही.
मग विचारलं, परत कधी येतेस?
ती म्हणाली, कुठे?
चिडून नाही. खरंच विचारत होती. मी फोन कानाला लावून आधी तिच्या खोलीत गेलो, मग हॉलमध्ये. सगळीकडे माझेच कागद. ती उत्तरासाठी थांबली होती.