सुधारलेला मेंढीचोर आणि तुझं हलणारं चीज

मिलान, रविवार

प्रिय बोनारियामावशी,

तुला, तुझ्या गुडघ्यांना आणि त्या खोकणाऱ्या तीनचाकीला गाविनोचा नमस्कार. तिघांपैकी जास्त कोण कुरकुरतंय ते कळव. मी ठीक. डोक्यावर केस नाहीत (बाबांनाही नव्हते, पण त्यांनी पस्तिशीपर्यंत तरी धीर धरला), बाकी मजेत.

तू विचारलंस, डॉक्टरांनी नक्की केलं काय. तर ऐक. ज्या मूळ पेशींतून सगळं रक्त जन्मतं, त्या माझ्या अंगातून वेगळ्या काढल्या. माझ्या रक्ताचं जे जनुक जन्मतःच बिघडलंय, त्याची चांगली प्रत त्यांच्यात पोचवायची होती. पोचवणारा कोण, तर विषाणू! तोही एड्सच्या विषाणूपासून बनवलेला. (खाली बस. पाणी पी.) रोग पसरवायचा सगळा सरंजाम काढून घेतलाय, फक्त घरात शिरायची कला तेवढी ठेवलीय. आपला बाकिसमामा आठव. म्हातारपणी मेंढ्या चोरणं सोडलं, पण कुंपणावरची उडी तीच! हाही तसाच, फक्त काही न्यायच्या ऐवजी ठेवून येतो.

मग माझ्या हाडांतला जुना मगज औषधाने रिकामा केला आणि जंतू लागू नयेत म्हणून मला काचेमागे कोंडलं. नव्या पेशी रुजल्या नाहीत, तर पुन्हा जन्मभर परक्याचं रक्त, नाहीतर त्याहून वाईट. जिथे ताजं फूलसुद्धा चालत नाही, अशा त्या खोलीच्या दारात तुझं पार्सल आलं. ओर्नेल्ला नर्सने झाकण उघडलं.

“अगं आई गं! हे हलतंय!”

“ताजं आहे म्हणून हलतंय.”

“गाविनो, ह्यात अळ्या आहेत! जिवंत!”

“मेल्या असतील तर आमच्याकडे चीज फेकून देतात, बाई.”

नंतर ती बराच वेळ माझ्याशी काचेपलीकडूनच बोलली. चीज पहारेकऱ्याने नेलं. तो आपल्याच बेटावरचा, न्युओरोकडचा निघाला, पहिल्या घासाला रडला म्हणे.

पेशींची पिशवी चढवली, ती एवढीशी, कॉफीच्या कपात मावेल! खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास (पेशी गोठवून ठेवायच्या औषधाचा म्हणे). पुढे रोज सकाळी ओर्नेल्ला म्हणायची, “अजून नाही रे, डोंगरातल्या.” एकदा मात्र आली ती हातातला रिपोर्ट छातीशी धरून. डोळे भरलेले. मग म्हणाली, “रुजल्या, गाढवा.”

तेव्हापासून महिने झाले, कोणाचंही रक्त घेतलेलं नाही. दर तीन आठवड्यांनी रक्ताला परतायचं म्हणून मी कधी लांब गेलोच नाही. आता दावं सुटलं! आधी पातागोनिया, मग जपान. घरी येईन तेव्हा येईन. वाट बघू नकोस.

तुझा भटक्या,
गाविनो

ता. क. जहाज पातागोनियाचं नाही, आपल्या बेटावरच्या ओल्बियाचं आहे. गुरुवारी सकाळी बंदरावर तीनचाकी घेऊन ये. चीज आण.

ता. क. आणखी एक. जाताना न्युओरोच्या रक्तपेढीवरून जाऊ. नेहमीच्या झाडाखाली गाडी लाव आणि खिडकीकडे बघून नेहमीसारखी ओरड, “माझ्या पोराला घट्ट रक्त द्या, पाणचट नको!” लहानपणापासून मी आत रक्त घेत पडलेला आणि तू बाहेर एकटी कॉफी पीत बसलेली. या वेळी दोन सांग.