तुमचा तो दुसरा शब्द

सर, ही जाडजूड डिक्शनरी साडेचारशेला पडली असं मी घरी सांगितलं. खरा खर्च वेगळाच. ऐन पेरणीत यवतमाळची एक खेप, वर बायकोचं हसणं, “आता या वयात कायले इंग्रजी शिकून राह्यले?”

तुमच्या एका शब्दासाठी, सर. दहावीच्या वर्गात तांड्यावरच्या माझ्या दोस्ताने आपल्या विहिरीवरचा निबंध वाचला. तुम्ही खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणालात, “सिग्निफिकंट.” मी लगेच विचारलं, “म्हणजे इम्पॉर्टंटच ना, सर?”

“नाही रे लेका. ज्याच्यावाचून काम अडतं ते इम्पॉर्टंट. हे निराळं. काम अडो की न अडो, त्यात काही सांगण्यासारखं असतं.”

“अन् मी, सर?”

“तू इम्पॉर्टंट. तू नसला तर शाळेची घंटाही वेळेवर होत नाही.”

वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्नांपुढे तुम्ही लाल पेनाने ‘आयएमपी’ लिहायचे ना, परीक्षा झाली की त्या प्रश्नांकडे कोणी ढुंकून पाहत नसे.

तरी तोच शब्द धरून मी मोठा झालो. आज पुसदच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान आहे आणि मी बेधडक सांगतो, माझ्यावाचून या भागातली पेरणी अडते. तुमच्या शेवटच्या वर्षांत औषधं मीच आणायचो, दवाखान्यात मीच न्यायचो. तांड्यावरचा तो दोस्त नागपुरावरून एकदाच आला. मी आत चहा ठेवत होतो. तुम्ही शेजाऱ्याला सांगत होते, “सिग्निफिकंट पोरगा आहे हा.” माझे कान तिखट, काय करू? बाहेर येऊन मी फक्त विचारलं, “साखर किती टाकू?” तो माझ्याकडे पाहून हसला. इतका साधा माणूस, की त्याचा रागही धड करता येत नाही.

डिक्शनरीत दोन्ही शब्दांपुढे ‘महत्त्वाचा’ असंच लिहिलंय. घटकाभर बरं वाटलं. पण त्याच्यासाठी बोलताना तुमचा आवाज खाली यायचा, ते कुठे छापलेलं नसतं. तो आवाज मले पाहिजे होता, सर. अजूनही पाहिजे.

तुमच्या घरात आता भाडेकरू राहतात, म्हणून हा कागद डिक्शनरीतच ठेवतो. एक सांगायचं राहिलं. मागच्या पेरणीत पाय मोडून मी घरी खाटेवर पडून होतो. पोराने दुकान चालवलं. कोणाचीच पेरणी अडली नाही.