घराणं निर्मळ, हवा खराब

कोठी, हैदराबाद

तीर्थस्वरूप जयवंताआक्का,

तुझ्या पाया पडतो आणि लगेच दोन पावलं मागे सरतो, कारण मला खोकला आहे. उदगीरला सगळे खुशाल असाल. दाजींचं पोट आता ऐकत असेल त्यांचं. इकडे तुझी भावजय पद्मावती बरी आहे (माझ्याशी बोलत नाही, पण बरी आहे).

घाबरलोय गं. आपल्या त्रिवेणीची, माझ्या नातीची, मनगटं सुजतात. सकाळी न्हाणीची कडी वाजते, थांबते, परत वाजते. ती कडी तिच्या हाताने निघेपर्यंत मी अंथरुणात श्वास धरून पडलेला असतो. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण नजर सासूची. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला सांध्यांचं असं दुखणं? आता आपल्यात परक्या माणसाने घरच्या दुखण्यांची चौकशी केली की ती एकाच कारणासाठी असते. मी पाठ ताठ केली आणि सुरू झालो. घराणं निर्मळ, आजोळ-पणजोळ कुठे कुणाला काही नाही, म्हातारपणीही दात शाबूत, मुलगी नोकरी सांभाळून पुरणपोळी करते. बाई म्हणाल्या, "अंकल, मैं रिश्ता लेके नैं आई!" त्रिवेणी खळखळून हसली. हसताना तिने हात ओढणीखाली घेतले, ते मी पाहिलं.

मग बाईंनी समजावलं. अंगातले राखणदार चोर सोडून घरच्यांनाच बडवायला लागतात, तसला हा आजार असावा (तपासण्या अजून व्हायच्या आहेत). त्याचा कल रक्तातून येऊ शकतो, आणि धुराची, बारीक धुळीची हवा त्याला चिथावू शकते. हेच एक कारण असं कुणी ठामपणे सांगू शकत नाही. मी त्यातली हवा तेवढी उचलली. हवा कुणाच्याच माहेरची नसते ना!

घरी आल्या आल्या खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. ऊद-धूप बंद, फोडणी बंद (म्हणून तो अबोला). बेगम बाजारातून तोंडाच्या पट्ट्या ठोक भावात आणल्या. त्या बांधून म्हटलेली आरती देवालाही कळली नसेल. गल्लीत उभ्या रिक्षावाल्याला इंजिन बंद कर म्हणालो, तर तो म्हणतो, "चाचा, पूरे शहर का धुआँ मेरेच रिक्षा से निकलता क्या?" मी तावातावाने हो म्हणालो. माणसं जमली. त्रिवेणीने मला दंडाला धरून आणलं आणि जिन्यात हळूच म्हणाली, "आबा, ही हवा तर सगळी गल्ली घेते. मग मलाच का?"

आक्का, मी तिला पट्टी नाकावर नीट ओढ म्हणालो.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
नामदेव

ता. क. येताना घरची तूरडाळ आण. (येताना म्हणजे काय, ते खाली.)

आणखी ता. क. येत्या गुरुवारी पुन्हा दवाखाना आहे. लवकर कळलं तर सांधे वाकायच्या आत औषध सुरू करता येतं, असं बाई म्हणाल्या, आणि मी तर त्यांना धडधडीत खोटं सांगून आलोय. आईची बोटं जात्याने वाकली, असंच आपण सोयऱ्याधायऱ्यांना सांगत आलो. गेल्या दिवाळीत करंज्यांना मुरड घालायला तू सुनेला बसवलंस, तेव्हाही मी फराळाकडेच बघत राहिलो. बुधवारी ये. बाईंना तुझे हात दाखव. घराण्याला लोक नावं ठेवतील ते माझ्या खात्यावर.

शेवटचा ता. क. हे पत्र गुपचूप टाकणार होतो. पण त्रिवेणी शेजारी येऊन बसली. तिला मराठी धड वाचता येत नाही, तेव्हा काहीही वाचून दाखवता आलं असतं. मी सगळं वाचलं. मग ती म्हणाली, आत्याआजींना विचारा, सकाळी चहाचा कप कसा धरायचा ते मला शिकवतील का.