मुसलमान सासूनं रंगवलेली अंडी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज तुझ्याशी बोलावंसं वाटतंय ते एका परक्या घरातल्या जेवणामुळे. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला, माझ्या लॅबमध्ये एक अल्बानियाची मुलगी आहे. तिचे वडील बेक्ताशी पंथाचे मुसलमान, आई ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. रविवारी त्यांचा ईस्टर होता, म्हणून तिनं मला घरी नेलं. टेबलावर लाल रंगवलेली अंडी होती. वडिलांनी एक उचललं, बायकोच्या हातातल्या अंड्यावर आपटलं आणि आपलंच फुटलं म्हणून खळखळून हसले.

मला तू दिसलीस. नगरच्या घरी नाताळची सकाळ आहे आणि तू रोजच्यासारख्या पोळ्या लाटतेयस. मी विचारते, "आपण आज मामाकडे का नाही जात?" तू मागे न वळता म्हणतेस, "हळू बोल. आजी ऐकतील." आजीनं तुला सून म्हणून घरात घेतलं ते चर्च सोडायच्या अटीवर, आणि तू चर्च सोडलंस म्हणून मामानं दार लावून घेतलं. मधल्या मध्ये तू पोळ्या लाटत राहिलीस.

मी त्या मुलीच्या वडिलांना विचारलं, "तुमच्या लग्नाला कुणी विरोध नाही केला?"

"सुरुवातीला केला की! पण तेव्हा आमच्या सरकारनं धर्मच बंद केला होता. मशिदीला कुलूप, चर्चला कुलूप. भांडणार कशावरून?" मग बायकोकडे बघत म्हणाले, "माझी आई पडदे ओढून घ्यायची आणि हिच्यासाठी ईस्टरला कांद्याच्या सालांत अंडी उकळून लाल करायची. कळलं असतं तर तुरुंग होता."

त्यांची बायको म्हणाली, "माझ्या आईपेक्षा छान रंगवायच्या सासूबाई."

सगळे हसले. मी जळले, आई. त्या मुलीवर नाही, तिच्या आईवर. आपल्याकडे ना कायदा होता, ना पोलीस. तरी तुझ्यासाठी एकदाही कुणी पडदा ओढला नाही. मीसुद्धा फक्त हळू बोलायला शिकले.

निघताना काकूंनी मला जवळ घेतलं. "आता बैरामला, आमच्या ईदला, ये. त्या दिवशी स्वयंपाक हे करतात."

"लॅबमध्ये काम आहे," मी म्हणाले.

काम काही नाही. तुला कधी कुणी असं बोलावलं नाही, मग मी कशी जाऊ, असं वाटलं. पण जायचं फार मनात आहे गं.