फळीपलीकडची चाल

शाहूपुरी, कोल्हापूर
नोव्हेंबर १९८३

प्रिय सिकंदर,

लाकडी फळीपलीकडून येणारा तो आवाज अजून कानातून जात नाही. अलीकडे माझा मराठीचा तास, पलीकडे तुझा जीवशास्त्राचा, आणि तुझी आठवीची पोरं एका सुरात म्हणतायत, "उजव्या घरचं काळं रक्त फुप्फुसाच्या दारी, श्वास पिऊन, लाल होऊन डाव्या घरी स्वारी." हृदयाचे कप्पे तुझे, पण चाल माझी. आमच्या आबांची मोटेवरची चाल मी नदीच्या कवितेला बसवली होती. तू ती फळीतून उचललीस. तेव्हा हसून सोडून दिलं. आत मात्र जे तिखट लागलं, ते अजून निवलेलं नाही.

ईदेला तुझ्या दारात जुन्या पोरांच्या चपलांचा ढीग पडतो. नृसिंहवाडीची डॉक्टर सलमा, वकील झालेला कृष्णात, सगळी येतात. शिरखुर्मा पितात आणि तू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलेल्या कांद्याच्या सालीच्या गोष्टी काढतात. तीच पोरं माझ्याही वर्गात होती रे. पण पेशी डोळ्यांना दिसते. नदीवरची ओळ मी कुठल्या भिंगाखाली धरायची होती? दिवाळीला माझ्या दारी येतो तो पोस्टमन, पोस्त मागायला.

परवा मात्र जोतीराम आला, बिद्रीच्या कारखान्यात असतो तो. मला कोण आनंद. चहा व्हायच्या आत म्हणाला, "गुरुजी, सिकंदर सरांचा सत्कार हाय रविवारी. मानपत्र तुमीच लिवायचं. भाषा तुमची की." निघताना चपला घालता घालता तुझं रक्ताभिसरण गुणगुणला. मी विचारलं, मूळ कविता कुठली रे? तर म्हणाला, "चांदण्याचं कायतरी हुतं न्हवं?"

म्हणून हे पत्र. मानपत्र माझ्याच्यानं होणार नाही, पोरांना दुसरं कुणी बघायला सांग. चाल घेतलीस तेवढी पुरे, तुझ्या शालीला माझे शब्द मिळायचे नाहीत. आणि रविवारी मी

कडी वाजतेय. बाहेर तुझाच आवाज, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "सयाजी, दार उघड की. चाल तुझी हुती हे रविवारी सगळ्यांम्होरं सांगणार हाय मी. पर फळीतनं शब्द कधी धड ऐकूच आलं न्हाईत. नदी हुती एवढंच कळायचं. ती कविता तेवढी शिकीव मला."

थांब, उघडतो. माझ्या तासाला मात्र उभं राहून म्हणावं लागतं.

तुझाच,
सयाजी