मुकादमाची हजेरी

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण आठ अंगांपैकी उजवा गुडघा सध्या कामावर नाही, तेव्हा उरलेल्या अंगांवर भागवून घ्यावं. (गुडघ्याचं कारण पुढे येईलच. त्याला चार पाय आहेत.)

तुमची तब्येत कशी आहे? खोकला गेला का? नव्या जागेत ऊन येतं का, जिना चढताना दम लागतो का, शेजारी बोलतात की एकटे तुम्हीच बोलता, हे सगळं कळवा. फोनवर विचारलं की "मजेत आहे रे" म्हणून तुम्ही फोन ठेवता, म्हणून मुद्दाम पत्र लिहितोय. पत्राला तेवढंच उत्तर द्यायला तुम्हालाच लाज वाटेल. भूगोलाच्या पेपरावर "उत्तर त्रोटक, गुण कापले" असं लाल शाईने लिहिण्यात तुमची सगळी नोकरी गेली.

इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वास्तविक इकडे कोणीही, कधीही, कुठेही स्वस्थ बसलेलं नाही. पत्राचं कारण एकच: तुमचा कुत्रा तुम्ही परत घेऊन जा. 'भीक नको पण कुत्रा आवर' ही म्हण ज्याने पहिल्यांदा म्हटली, त्याच्या मामानेही त्याला कोली जातीचा कुत्रा दिला असणार, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

जातानाचं तुमचं भाषण मला तोंडपाठ आहे. "दाताच्या डॉक्टरकडे एकच खुर्ची शोभत नाही. माझी मागची खोली रिकामी करतोय, तिथे दुसरी खुर्ची बसव. माझं काय, म्हातारा माणूस, कुठेही पथारी टाकीन. नव्या इमारतीत कुत्रा चालत नाही, तेव्हा माझ्या जागी हा मुकादम ठेवून जातो." आम्ही नको नको म्हणेपर्यंत तुम्ही रिक्षात बसलातसुद्धा. तुमच्या सूनबाईने केलेला चहा टेबलावर तसाच राहिला. तो मुकादमाने प्यायला, आणि त्या क्षणापासून त्याने घराचा ताबा घेतला.

(थांबा. मी दवाखान्याच्या टेबलाशी लिहीत होतो, ते त्याला पसंत नाही. पोटरीला नाकाने ढोसतोय. वर चला म्हणतोय. उरलेलं स्वयंपाकघरातून लिहितो.)

तर मामा, जेवताना तुम्ही कोलींचा इतिहास सांगायचात, तेव्हा मी मान डोलवत ताटाकडे बघायचो. आता तो सगळा इतिहास माझ्या घरात धावतोय, म्हणून शब्द न् शब्द आठवतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ, धुकट मुलखातले हे धनगरांचे कुत्रे. नावाबद्दल पंडितांत एकमत नाही. कोणी म्हणतं कोळशासारख्या काळ्या रंगावरून पडलं, कोणी म्हणतं काळ्या तोंडाच्या मेंढ्यांवरून. मग एका राणीची नजर पडली, कुत्रा डोंगरावरून थेट राजवाड्यात गेला, आणि शेण तुडवणारी जात एकदम खानदानी झाली. पुढे प्रदर्शनांत बक्षिसं मिळावीत म्हणून लोकांनी त्याचं तोंड लांब आणि केस झुबकेदार केले. हे सगळं सांगितलंत, पण मुख्य गोष्ट गाळलीत. राजवाड्यात गेला तरी तो धंदा विसरला नाही! मेंढ्या नसल्या तर समोर जे असेल त्याच्या तो मेंढ्या करतो. राजवाड्यातल्या लोकांचं काय झालं असेल ते असो, आमचं काय झालं ते ऐका.

दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात. माझं तेवढ्यावरच भरतं, पण त्यासाठी रोगी जागेवर राहावा लागतो. तुम्हाला ठाऊक आहे, दाताच्या दवाखान्यात बाहेर बसलेला माणूस आतल्या ड्रिलचा आवाज ऐकला की "जरा फोन करून येतो" म्हणतो आणि जन्मात परत येत नाही. मुकादमाने पहिल्याच आठवड्यात हे हेरलं. कोणी बाकावरून उठून दाराकडे सरकला की हा उठतो, भुंकत नाही, चावत नाही, नुसता अर्धा वळसा घालून समोर येतो आणि आपली लांब सोंड त्याच्या गुडघ्याला टेकवून ढकलत ढकलत बाकावर नेऊन बसवतो. परवा एक धिप्पाड पोलीस अक्कलदाढ काढायला आला होता. दोनदा पळाला, दोनदा परत आणला गेला. शेवटी तो रडवेल्या आवाजात मला म्हणाला, "डॉक्टर, दाढ काढा, पण मला इथून सोडवा." आमच्या रिसेप्शनवाल्या बाई तर मुकादमावर खूष आहेत. त्यांना आता कोणाला हाका माराव्या लागत नाहीत. त्या निवांत विणकाम करतात.

इथवर ठीक होतं. पण मुकादमाला रोगी कोण आणि निरोगी कोण हे कळत नाही, आणि त्यापायी माझी अब्रू गेली. गेल्या सोमवारी विजेचं मीटर बघायला एक गृहस्थ आले. मीटर बघून निघाले, तर मुकादमांनी त्यांना रांगेत बसवलं. बिचारे भिडस्त, बसून राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा बाईंनी आत पाठवलं. मी सवयीने म्हटलं, "आ करा." त्यांनी आ केला. आता एकदा आ केल्यावर, आत आरसा आणि नळी गेल्यावर, माणूस 'मी मीटरवाला आहे' हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी दात स्वच्छ केले, एक किडका दात भरला, तंबाखूवरून चार शब्द सुनावले. चूळ भरल्यावर ते अदबीने म्हणाले, "साहेब, तुमचं रीडिंग घेतलंय. येऊ का?" (पैसे घेतले नाहीत, तुमची शपथ. पण पुढच्या महिन्यात भरलेला दात बघायला बोलावलंय, आणि ते येतो म्हणालेत.)

(पुन्हा थांबा. आता स्वयंपाकघरात मी एकटाच उरलो, हे त्याला चालत नाही. बाहेरच्या खोलीत सूनबाई आहे, तिकडे हाकलला गेलोय. ती विचारतेय, "अहो, मामांना लिहिताय? मग हसताय कशाला, नीट लिहा.")

आता दुसऱ्या खुर्चीची गोष्ट. खुर्ची आली. बसवायला कंपनीचा मेकॅनिक आला. तुमच्या खोलीच्या उंबऱ्यावर मुकादम आडवा. मेकॅनिक डावीकडून गेला, हा डावीकडे. उजवीकडून गेला, हा उजवीकडे. मी गळ्याचा पट्टा धरून ओढायला गेलो, तेव्हा तो उठला, मला एक वळसा घातला आणि असा काही वळला की मी त्या खुर्चीच्या लोखंडी पायावर गुडघ्याने आदळलो. (हेच ते कारण.) मेकॅनिकला त्याने सन्मानपूर्वक बाकावर नेऊन बसवलं. मी लंगडत बाहेर येऊन आधी बाईंना सांगितलं, की याला आत पाठवू नका, हा रोगी नाही. तेव्हापासून ती खुर्ची प्लॅस्टिकच्या वेष्टनात बोळात उभी आहे आणि येणारा-जाणारा तिला पाय लावून जातो.

हेही सोसलं असतं. खरा छळ संध्याकाळी होतो. तुम्ही गेल्यापासून आमच्या घरात जेवायची वेळ अशी राहिली नव्हती. मी खालून दमून यायचो आणि उभ्याउभ्याच काहीतरी खायचो, सूनबाई बातम्यांसमोर, मुलगी कानांत बोळे घालून आपल्या खोलीत. मुकादमाला हे पाहवेना. आता दवाखाना बंद झाला रे झाला, की तो मला जिन्यावरून वर हाकतो, मुलीच्या दाराला धडका देतो, सूनबाईच्या पदराला धरतो, आणि आम्हा तिघांना टेबलाभोवती बसवतो. आम्ही बसतो. काय करणार? जेवतो. समोरासमोर बसल्यावर बोलावंही लागतं. पण तो मात्र बसत नाही. टेबलाभोवती एक फेरी घालतो, आमच्याकडे एकेकाकडे बघतो, मग तुमच्या खुर्चीशी थांबतो. खाली मान घालून जिना उतरतो, मागच्या खोलीचं दार हुंगतो, परत वर येतो, पुन्हा फेरी. पुन्हा खुर्ची. पुन्हा जिना. त्याच्या नखांचा फरशीवरचा टकटक आवाज ऐकत आम्ही घास गिळतो. जेवण झालं, भांडी आवरली, तरी फेऱ्या चालूच. मलाही मग बसवत नाही. मी उठतो, दाराला कडी आहे का बघतो, नसलेलं काम काढतो. सूनबाई म्हणते, "एक कुत्रा कमी होता का?"

मला वाटलं पोटात जंत झाले असतील. शेजारी म्हणाले, आमच्या कुत्र्याला दिलं तेच औषध द्या, गुरांचं असतं, स्वस्त आणि जालीम. समोरचा न्हावी म्हणाला, एवढ्या केसांत उकडत असेल, मशीन फिरवून सफाचट करतो. मी दोघांनाही हो म्हणालो होतो. (दाताचा डॉक्टर मानेखाली कोणालाही सल्ला विचारतो.) नशीब, मुलीने आधी त्याला आणि आम्हा दोघांना जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी मला उभं केलं आणि झापलं. म्हणाल्या, जंतांची काही औषधं या जातीतल्या पुष्कळ कुत्र्यांच्या जिवावर बेततात, विचारल्याशिवाय एक थेंबही द्यायचा नाही. केस कापायचे नाहीत. वरचे लांब केस ऊनपाऊस अडवतात, आतली लोकर वर्षातून एकदोनदा गळते, तेव्हा रोज विंचरायची, एरवी आठवड्यातून नीट ब्रश. भरपूर चालवायचं, डोक्याला काम द्यायचं, आणि आवाज चढवून बोलायचं नाही, कारण रागावलं की ही जात मनाला लावून घेते. शेवटचं वाक्य ऐकताना मला कोणाचीतरी आठवण झाली, पण ते असो.

सगळं तपासून त्या म्हणाल्या, "याला काही झालेलं नाही. हा कामावर आहे. कळपातलं एक कमी असलं की यांची ड्यूटी सुटत नाही. घरातलं कोणी बाहेरगावी गेलंय का?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली, सूनबाई खिडकीकडे. मी म्हटलं, "नाही, म्हणजे, तसं कोणी नाही, मामा होते." आणि का कोण जाणे, वाक्य अर्धंच टाकून मी मुकादमाचा पट्टा उगाचच सैल करत बसलो. बाईंनी मला पाणी दिलं. रोगी सोडून नातेवाइकाला पाणी देण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येत असावी.

असो. मुद्दा एवढाच, की या कुत्र्याने आमच्या नाकी नऊ आणले आहेत. गिऱ्हाईक पळून जायला घाबरतं, मुलीला रोज आमच्याशी बोलावं लागतं, मेकॅनिक फोन उचलत नाही. तरी पत्र पोचताच येऊन मुकादमाला घेऊन जाण्याचं करावं. हयगय करू नये. बाकी सर्व ठीक.

तुमचा त्रासलेला भाचा

ता. क. : न्यायला येताना त्याच दिवशीचं परतीचं तिकीट काढू नका. त्याला विंचरल्याशिवाय गाडीत घेणार नाहीत, आणि त्याचा तारेचा ब्रश तुमच्या खोलीतल्या कपाटात आहे. कपाटाला हात लावायचा नाही, असं सूनबाईने मला बजावलंय. तुमचं अंथरूण ती दर रविवारी उन्हात घालते. कशाला, असं विचारलं तर म्हणते, "कुत्र्यासाठी." कुत्रा त्यावर झोपत नाही.

आणखी एक ता. क. : खुर्चीबद्दल वर थोडं जुनं लिहिलं गेलं. ती काल परत पाठवली. मीटरवाल्याला धरूनसुद्धा दोन खुर्च्यांपुरते रोगी माझ्याकडे नाहीत, आणि हे तुम्ही निघालात तेव्हाही मला माहीत होतं. मला दुसरी खुर्ची कधीच नको होती, मामा. तुम्हाला ती हौस होती.

शेवटचं : तुमच्या इमारतीत कुत्रा चालत नाही, हे पत्र पाकिटात घालताना आठवलं. आणि तुम्ही नसलेलं घर कुत्र्याला चालत नाही. तेव्हा नेण्याचं रद्द करा, नुसते या. हजेरी पुरी झाल्याची खात्री पटायला त्याला किती दिवस लागतील, असं मी त्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, पण ही जात बारा-चौदा वर्षं जगते. तुम्ही तेवढंच राहा. पुढचं पुढे बघू.