दादाची हजेरी

दि. १४ मार्च

सौ. वन्सं,

नमस्कार. इकडे मी आणि सासूबाई बऱ्या आहोत. त्यांचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. तुमच्या घरची खुशाली विचारत नाही. साहेबांची तब्येत कालच डोळ्यांनी पाहिली, चांगलेच भरलेत.

शहीद पोलिसांच्या स्मृतिसमारंभाला तुम्ही आला नाहीत. तुमचं डोकं दुखतंय, असं साहेब म्हणाले. सख्ख्या भावाचं नाव पहिल्यांदाच पुकारलं जाणार आणि नेमकं त्याच दिवशी डोकं दुखावं. असो.

मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. कारकुनाने आम्हा घरच्यांना आधीच पढवून ठेवलं होतं: नाव पुकारलं की उठायचं आणि गेलेल्याच्या वतीने 'हजर' म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घेत नाहीत, असा तिथला रिवाज. आणि पुकारणार कोण, तर तुमचे साहेब.

माझ्या आधीच्या म्हातारबांनी मुलासाठी इतकं खणखणीत 'हजर' म्हटलं की मला रडूच फुटलं. मग ह्यांचं नाव आलं. मी उठले आणि गप्प राहिले.

साहेबांनी कागदावरून मान वर केली, पुन्हा पुकारलं. बँडवाले एकमेकांकडे बघायला लागले. शेजारची बाई हात ओढून म्हणाली, "अहो, बोला ना." तिसऱ्यांदा नाव घेताना साहेबांचा आवाज चिरकला. त्यांना बरोबर कळलं होतं. ह्यांनीही त्या दुपारी, जिथे हे गेले त्या गोदामाच्या दारातून साहेबांना तीनदाच फोन केला होता, जादा माणसं पाठवा म्हणून.

मग मी म्हणाले, "हजर." सावकाश, त्यांच्या डोळ्यांत बघून. वन्सं, खोटं कशाला बोलू, वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

पण घरी येईपर्यंत ते ओसरलं. सरकारी अहवालात अजून तेच आहे: हवालदार कुणाला न कळवता एकटाच आत शिरला. म्हणजे स्वतःच्या मूर्खपणाने मेला. साहेबांचा फोन म्हणे गाडीत राहिला होता. सासूबाई तो कागद रोज चष्मा लावून वाचतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही रडत रडत सांगितलंत, की लेकीच्या वाढदिवसाचा केक कापताना फोन वाजत होता, साहेबांनी दर वेळी नाव बघितलं आणि शेवटी फोन टेबलावर पालथा ठेवला. कुणाला बोलायचं नाही, अशी मला शपथ घातलीत. मी वर्षभर पाळली.

आज सकाळी मोडली. चौकशी पुन्हा उघडा, असा अर्ज वरच्या कचेरीत दिला आणि साक्षीदार म्हणून एकच नाव लिहिलं, तुमचं. बोलावणं येईल. तुमच्या संसाराचं काय होईल ते मला कळतं. माझ्या संसाराचं काय झालं ते तुम्हालाही कळत होतंच. तुम्हाला झोप लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

साहेबांना वाचवायचं असेल तर खुशाल वाचवा. सासूबाईंना मी काहीच सांगितलेलं नाही. साक्षीच्या दिवशी त्यांना सोबत आणणार आहे. त्या तुमच्या समोर बसतील. मुलगा कसा मेला ते त्यांना लेकीच्या तोंडून ऐकू दे.

तुमच्या दादाची बायको